हिरव्या जाळीतली अंबाडी

मी सगळा पावसाळा अंबाडीला गांजा समजून वाढवलं. अंबाडी ही काही दुर्मिळ वनस्पती नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ती कुणाच्याही परसात आपोआप उगवते, आणि मी लहानपणापासून ती भाजी खात आलो आहे. पण ताटात पडल्यावर. झाडावर असताना तिची-माझी ओळख झालेली नव्हती, हे मला वयाच्या पन्नाशीनंतर कळलं.

गांजा लावायचा होता तो दादासाठी. दादा, माझा मोठा भाऊ, सिंदेवाहीकडे गावी धान करायचा. मी इकडे गडचांदूरला सिमेंट कंपनीत वायरमन. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, दोघंही खायचो. कॅन्सर मात्र त्याच्याच तोंडात निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं, काही महिन्यांनी कॅन्सर परत निघाला, आणि डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, दुखण्याच्या गोळ्या चालू ठेवा, जे खातील ते द्या. चंद्रपूरचा दवाखाना जवळ पडतो म्हणून त्याला माझ्याकडे आणलं. मागच्या खोलीत खाट टाकली. जे खातील ते द्या, हे सांगायला सोपं होतं. दादा काहीच खात नव्हता. जबडा बोटभर उघडायचा, आणि मुख्य म्हणजे त्याची भूकच मेली होती. पेज पुढे केली की तो तिच्याकडे दुसऱ्याचं जेवण असल्यासारखं बघायचा.

गांजाची गोष्ट त्यानंच काढली. नागपूरच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या माणसानं त्याला सांगितलं होतं की गांजानं भूक लागते.

"मले एक डाव भूक लागली पाहिजे," दादा म्हणाला. त्याचं बोलणं आता तोंडात खडा धरल्यासारखं यायचं. "दुखून राह्यलं तं दुखू दे. पण भूक लागली पाहिजे. तू लाव ना. तुह्या मातीत काहीबी येते म्हणते ना तू."

म्हणत होतो खरा. कंपनीत, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, जिथं कुणी ऐकून घेईल तिथं मी जिवंत मातीवर बोलायचो. रासायनिक खत म्हणजे सलाईन, आणि शेणखत म्हणजे घरचं जेवण, हे माझं आवडतं वाक्य. स्लॅबवर चार कुंड्यांत वांगी लावणाऱ्या माणसाला जेवढा गर्व होऊ शकतो, त्याहून थोडा जास्तच मला झाला होता. घरी गांजा लावणं गुन्हा आहे हे मला माहीत होतं. डॉक्टरांना विचारायला हवं हेही माहीत होतं. पण दादानं आयुष्यात माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

बी आणलं माझ्या एका जुन्या सोबत्यानं. तो आता सूरजागडच्या खाणीवरून लोखंडाच्या दगडाचा ट्रक चालवतो. खर्ऱ्याच्या पन्नीत मूठभर बी बांधून त्यानं माझ्या हातात ठेवलं. कुठून आणलं ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. चोरट्या कामात एवढी सभ्यता पाळावी लागते. दोघांनी ते बी तळहातावर घेऊन उजेडात धरलं आणि जाणत्यासारखी मान हलवली. गांजाचं बी त्यानंही कधी पाहिलेलं नव्हतं, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

मग मी मातीच्या मागे लागलो. गडचांदूरची माती चुनखडीची, वरून सिमेंटची धूळ. तिच्यात माझं औषध कसं वाढणार? मोटारसायकल घेऊन जंगलाच्या कडेला गेलो आणि मोहाखालचा कुजका पाला पोत्यात भरला. वाटेत वनरक्षकानं अडवलं.

"पोत्यात काय हाये?"

"माती."

"माती काऊन? तुमच्या घरी माती नाई?"

पोतं सोडून दाखवलं. त्यानं हात घालून मोहफूल शोधलं, बाटली शोधली, काही सापडेना तेव्हा माझ्याच तोंडाकडे निरखून पाहिलं आणि जा म्हणाला. वेड्याला पकडल्याचं त्याला दप्तरी काही पुण्य नसावं.

निळ्या ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून जीवामृत केलं. काठीनं रोज ढवळलं. आळीत वास सुटला तेव्हा गटार तुंबल्याची तक्रार मीच सगळ्यांच्या आधी करून आलो. गांडुळं आणली, त्यांना पपईच्या साली दिल्या. थोड्याच दिवसांत पाल्याखाली पांढरी बुरशी जाळ्यासारखी पसरली, मुठीत घेतलेल्या मातीला जंगलाचा वास येऊ लागला. आयुष्यात मी एवढं चांगलं काम कधी केलं नाही. वायरिंगसुद्धा नाही.

बी रुजलं, वाढलं. स्लॅबवर चहूबाजूंनी हिरवी जाळी लावली. वर जायला लोखंडी शिडी होती; बायकोचे गुडघे दुखतात, ती चढत नाही. वहिनी दादाला आमच्याकडे सोडून धानाच्या रोवण्यासाठी गावी गेल्या होत्या. म्हणजे वर फक्त मी. पानांवर सिमेंटची धूळ बसून पावसानं तिची खपली धरायची, म्हणून सकाळी ओलं फडकं घेऊन मी एकेक पान पुसायचो. पुसता पुसता खर्रा खायचो. खर्रा मी दादाच्या देखत सोडला होता. स्लॅबवरचा त्यात धरलेला नव्हता.

खाली आलो की दादा विचारायचा, "किती झालं?"

"मांडीएवढं."

"पान कसं हाये?"

"हाताच्या पंज्यासारखं. पाच बोटांचं. कडेला दाते."

"मंग बराबर," तो म्हणायचा आणि डोळे मिटायचा.

देठाला हात लावला की बारीक काटे टोचतात, हे मी त्याला सांगितलं नाही. मला वाटलं, मातीची ताकद. जन्मभर शेती केलेला माणूस माझ्या घरात होता आणि नेमका तोच शिडी चढू शकत नव्हता. एखादं पान खिशात घालून खाली आणावं, एवढी साधी गोष्ट सुचली नाही. घरात पुरावा नको, अशी माझी हुशारी होती. दादा दिवसेंदिवस वाळत चालला होता आणि रोज तेच विचारत होता, "तोडाले आलं का?" मी म्हणायचो, अजून थोडं थांब, फूल येऊ दे. मरणाऱ्या माणसाला थांब म्हणण्यात काही चुकतंय, असं मला वाटलं नाही. झाड इतकं छान वाढत होतं.

शेजारच्या घरात पोलीस शिपाई राहतो. तो एका सकाळी त्याच्या स्लॅबच्या कठड्यावर टेकून जाळीच्या फटीतून बघत म्हणाला, "भाऊ, मस्त आली. थोडी आमच्या घरीबी पाठवा ना."

हा आता हप्ता मागणार, असं मी समजलो. त्याला वांगी दिली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "वांगे चांगले होते. पण मी ते जाळीतली मागतली होती." मी दुधीभोपळा दिला. त्यानंतर तो माझ्याकडे जरा दयेनं बघू लागला, आणि मी त्याला कायद्याचा धाक समजलो.

रोवणे उरकून वहिनी परत आल्या त्या दिवशी मी ड्युटीवर होतो. संध्याकाळी दारातच लसणाच्या फोडणीचा वास आला. चुलीवर हिरवं काहीतरी शिजलेलं. वहिनी म्हणाल्या, "वर धुणं वाळवाले गेली होती. किती मोठी झाली, तोडली काऊन नाई? अर्धी त्या पोलिसाच्या बायकोलेबी देल्ली."

बायको ताट पुसून मोकळी झाली होती आणि टीव्हीपुढे हसत होती. एरवी ती हसत नाही, निदान मी घरात असताना. मी तिचे डोळे बघितले, नाडी धरली. "काय करून राह्यले हे?" ती म्हणाली. मग मी दार लावून घेतलं आणि वहिनींना हळूच सांगून टाकलं की ती भाजी नव्हती, गांजा होता, दादासाठी लावला होता, आता शिपायाचं घरसुद्धा नशेत आहे.

कोपऱ्यात उरलेली एक डहाळी पडली होती, ती उचलून वहिनींनी माझ्या नाकासमोर धरली. "चाखा."

मी पान चावलं. आंबट होतं. ती चव मला पक्की ओळखीची होती.

यानंतर दादा दिवाळीपर्यंतही राहिला नाही. हे मधेच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी सांगावं लागेल आणि तेव्हा मला ते जमणार नाही.

आमचं बोलणं मागच्या खोलीत गेलं होतंच. पण दादानं हाक मारली ती वेगळ्याच कारणासाठी. त्याला वास आला होता. त्याची मान उशीवरून उचललेली होती आणि नाकपुड्या हलत होत्या.

"अंबाडी हाये का?" त्यानं विचारलं. "कण्या टाकल्या का तिच्यात?"

वहिनी धावतच वाटी घेऊन आल्या. कित्येक आठवड्यांनी त्यानं काही खायला मागितलं होतं. त्यांनी भाजी पेजेत घोटली, पाणी घालून पातळ केली, चमच्याचं टोक भरून त्याच्या ओठांत सोडली. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. एक क्षण मला खरंच वाटलं की झाड चुकलं तरी माती चुकली नाही.

मग आंबट जखमेला लागलं. दादाची मूठ खाटेच्या लाकडाला बसली, डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातलं सगळं उशीवर सांडलं. वहिनी त्याचं तोंड पाण्यानं धुवत राहिल्या, कितीतरी वेळ. वाटी मी उचलून मोरीत नेऊन ठेवली. करण्यासारखं तेवढंच होतं.

तो शांत झाल्यावर मी त्याच्या उशाशी बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणालो, "दादा, बी चुकलं. दुसरं आणतो. माती तं तयारच हाये."

त्यानं डोळे उघडले. मग एकेक शब्द सोडवत म्हणाला, "राहू दे. बाबानं तुले वावरातून काढून नोकरीले धाडलं, ते बराबर केलं."