ब्वानाहेरीचं घड्याळ थांबलं

मोंबासाच्या जुन्या भागात, मासळी बाजाराच्या तिठ्यावर, लोखंडी खांबावर एक घड्याळ आहे. गोऱ्यांनी ते बोटीतून आणलं, तेव्हा ते सकाळी सात दाखवायचं आणि गाव त्याला एक म्हणायचं. उजाडल्यानंतरचा पहिला तास तो एक, आणखी काय? तक्रार कुणी केली नाही. लोक काट्याच्या बरोबर उलट्या बाजूचा आकडा वाचू लागले, सातच्या जागी एक. गोरे गेले, घड्याळ राहिलं, आणि पुढे कधीतरी दर सोमवारी किल्ली द्यायचं काम ब्वानाहेरीकडे आलं. एकतीस वर्षांत त्याचा एक सोमवार चुकला नाही. स्वतःच्या लग्नाला मात्र हा गडी उशिरा पोचला होता, हे त्याची बायको बी तिमा आजही ऐकवते.

या सोमवारी मात्र गुडघ्याने दगा दिला. शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून तो परत फिरला. नगरपालिकेला कळलं तर बॅटरी बसवून मोकळे होतील, म्हणून गप्प बसला.

"सांग की कुणाला तरी," बी तिमा म्हणाली.

"कुणाला पडलंय? सगळ्यांच्या खिशात फोन आहेत. वर बघतंय कोण?"

बोलला खरा, पण ताट सारून उठला.

बुधवारी घड्याळ थांबलं. तासाभरात शेजारीण बी रिझिकी डोक्यावर तांदळाचं टोपलं घेऊन, डोळे पुसत दारात आली. मागोमाग मशिदीतून चौघे जनाज्याची खाट घेऊन. ब्वानाहेरी ओट्यावर बसून संत्रं सोलत होता.

रिझिकीने दुखवट्याच्या घरासाठी आणलेलं टोपलं खाली टेकवलं. "काय रे, तू तर खातोयस."

"मग काय करू?"

"घड्याळ बंद दिसलं, म्हणून वाटलं..." तिने तिठ्याकडे हात केला. "बाजाराला जाताना रोज बघते मी. ते चालतंय म्हणजे तू धड आहेस."

"बाबा, खाट परत नेऊ?" चौघांतल्या एकाने विचारलं.

"माप तेवढं घेऊन जा," बी तिमा म्हणाली.

ब्वानाहेरी हसला नाही. सोललेलं संत्रं तसंच हातात धरून म्हणाला, "माझ्याच्याने आता चढवत नाही."

गर्दीच्या मागे नारळ उतरवणारा काटाना उभा होता. "माझं तर पोटच चढण्यावर आहे, बाबा. खालून सांगाल का, कसं करायचं ते?"

सगळे तिठ्यावर गेले. ब्वानाहेरीसाठी कॉफीवाल्याने बाक आणला. काटाना वर पोचला आणि किल्ली खुपसणार, तेवढ्यात खालून हाक आली.

"घाई नको, बाळा. आधी त्याचा चेहरा पूस."

काटाना सदऱ्याच्या टोकाने काच पुसत राहिला. खाली रिझिकीने टोपलं पुन्हा डोक्यावर घेतलं होतं, पण वर बघत ती तिथेच थांबली.