नाव आणि लेन

“बोलते का गं ही, की नुसतीच पोहते?”

सरावाच्या तलावाकडे जाणाऱ्या बोळात बाकावर बसून मी केस टोपीत कोंबत होते. विचारणाऱ्या आमच्या संघाच्या व्यवस्थापक बाई होत्या. फिजिओ म्हणाली, “इंग्लिश मीडियमची आहे म्हणे.” “मग इंग्लिशमध्ये तरी बोलू दे,” बाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. माझ्या कानात हेडफोन होते, त्यामुळे मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटलं. हेडफोनमध्ये काहीच वाजत नव्हतं. मी ते नेहमी तसेच घालते.

संध्याकाळी माझी अंतिम फेरी होती, महिलांची दोनशे मीटर वैयक्तिक मेडली. बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल. चारही एकटीनं, एका दमात. सकाळच्या फेरीतून मी सगळ्यात शेवटची आत आले होते, म्हणून कडेची आठवी लेन. घरी परतल्यावर मी हिंजवडीत नोकरीला लागणार होते. परदेशातली एवढी मोठी स्पर्धा पहिलीच, आणि बहुधा शेवटचीही. तिकडे काळेवाडीत खाला मोबाइलवर शर्यत लावून बसणार होत्या. पण मोबाइल डोळ्यांसमोर नाही, कानाशी धरून.

खाला म्हणजे आमच्या टँकवरच्या लेडीज बॅचच्या कोच. खाला म्हणजे मावशी. रोजे ठेवणाऱ्या, चतुर्थी करणाऱ्या, आमच्यासारख्या जयभीमवाल्या, सगळ्याच पोरींच्या त्या खाला. अंगात सलवार-कमीज, पायात रबरी चपला, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, आणि गळ्यात शिट्टी. ती वाजलेली मी फारशी ऐकली नाही. त्यांचा आवाजच पुरेसा होता.

त्यांचा एक कायदा होता. पोहून आलं, भिंतीला हात लागला, की आपलं नाव आणि लेन मोठ्यानं सांगायची. खालांची मान खाली, नजर हातातल्या घड्याळावर. “तोंडं बघत बसू का तुमची? टोप्या घातल्या की समद्या नारळच दिसता. नाव सांगा, लेन सांगा, मग दम खा.” दम लागलेला असताना आवाज काढणं सोपं नसतं. पण पोरी ओरडायच्या. “सानिया, लेन दोन.” “वैष्णवी, लेन पाच.” थेरगावातून येणाऱ्या रिक्षावाल्यांनासुद्धा आमच्या बॅचची हजेरी पाठ झाली असेल.

मी ओरडायचे नाही. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि मी दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर गप्प उभी. एका भाषेत चूक झाली तर लोक हसतील आणि दुसरीत झाली तर शिष्ट म्हणतील, हा माझा हिशेब. म्हणून नाव सांगण्याऐवजी मी भिंतीवर हात जोरात आपटायचे. दोन-चार दिवस खालांनी वाट पाहिली. मग एकदा उकिडव्या बसून माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाल्या, “संघमित्रा. एवढं देखणं नाव, आणि आतल्या आत गिळून टाकतीस व्हय? भिंतीनं काय घोडं मारलंय तुझं?” त्या दिवसापासून बॅचमध्ये माझं नाव थप्पड पडलं. पण थप्पड ऐकू आली की खाला बरोबर माझीच वेळ सांगायच्या. एवढी सवलत त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही.

या कायद्यानं एकदा आमची फजितीही केली. जिल्ह्याच्या स्पर्धेत आमच्या सगळ्या पोरी भिंतीला हात लावून सवयीनं ओरडल्या. सानियानं तर कहर केला. ती मेडलीच्या मधल्या वळणावरच “सानिया, लेन दोन” म्हणाली आणि घोटभर पाणी पिऊन पुढं निघाली. वेळ नोंदवणारे एक काका घाबरून खालांना विचारत आले, “मॅडम, पोरी भांडतायत का?” खाला म्हणाल्या, “न्हाई भाऊ, हजेरी देतायत. तुमच्या पोरी मुक्यानंच येतात व्हय?”

खालांचं माहेर चाकणचं. कांद्याच्या शेतात विहीर होती, तिच्यात त्या भावांच्या मागोमाग पाठीला डबा बांधून पोहायला शिकल्या. आता तिथं कुठल्याशा कंपनीचं गोदाम आहे. “जिथं मी पहिला सूर मारला तिथं आता गाड्यांचे बंपर ठेवतात,” असं त्या सांगायच्या, आणि त्यात दुःख कमी, मिजास जास्त असायची. जणू त्यांच्याच परवानगीनं गोदाम उभं राहिलं होतं. विहिरीत शिकल्यामुळे भिंतीविषयी त्यांचं मत पक्कं होतं. मी वळणावर भिंतीला जरा धरून राहायचे, एक चोरटा श्वास जास्त घ्यायचे. त्या वरून म्हणायच्या, “भिंत म्हंजे माहेर. जायचं, हात लावायचा, जोर घेऊन निघायचं. रमायचं न्हाई.”

मेडली त्यांनी मला लग्नाच्या पंगतींवरून शिकवली. बटरफ्लाय ही पहिली पंगत. “समदे बघत असतात म्हणून पहिल्याच पंगतीला धावत वाढू नको. शेवटच्या पंगतीला हात उठायचा न्हाई.” बॅकस्ट्रोकमध्ये कंबर सरळ करून घ्यायची. ब्रेस्टस्ट्रोकला त्या बेडूक म्हणायच्या, आणि तो माझा हक्काचा. “तिथं तुझं घर हाय. तिथं कुणाला पुढं जाऊ द्यायचं न्हाई.” आणि फ्रीस्टाइल म्हणजे शेवटची पंगत, घरच्यांची. पातेल्यात उरलंय ते सगळं वाढून टाकायचं.

बाबा चाकणला कंपनीत आहेत. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी मला न्यायला यायचे. खाला दुरून “जयभीम, भाऊ” म्हणायच्या, बाबा “सलाम, ताई” म्हणायचे. एकदा बाबा चाचरत म्हणाले, “ताई, ही घरीपण बोलत नाही हो. पुढं कसं व्हायचं हिचं?” मी चपला शोधण्यात गुंतल्यासारखं दाखवलं. खाला म्हणाल्या, “बोलणाऱ्या लय हायत माझ्याकडं. ऐकणारी ही एकच. बोलंल. वेळ आली की बोलंल. तुमी घाई करू नका.”

मग साखरेनं त्यांची नजर खायला सुरुवात केली. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता, कारण त्या बॅचमधल्या प्रत्येकीला आवाजावरून ओळखत होत्या. एका सकाळी त्यांनी सगळ्यांना काठावर बसवलं आणि शिट्टी सानियाच्या गळ्यात घातली. ती तोवर शिकवायला लागली होती. पोरी रडायला लागल्या, तशा खाला वैतागल्या. “रडता कशाला? मी काय मेले का? कालपासनं मला टँकचा तळ दिसंना. जिला तळ दिसत न्हाई तिनं पोरी पाण्यात सोडू नयेत. बास.” कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. जाताना त्यांनी माझा दंड दाबून पाहिला, बाजारात भाजी पाहावी तसा, आणि म्हणाल्या, “थप्पड, तुझं अजून बाकी हाय.”

आता त्या थप्पडचं पुढचं ऐका. अंतिम फेरीच्या दुपारी मी त्यांना फोन केला. आठवी लेन ऐकून त्या म्हणाल्या, “बरं झालं. कडेला बसणारीला पंगत अख्खी दिसती.” मग म्हणाल्या, “मोबाइलवर मला नुसतं निळं दिसतं बेटा. सून सांगंल शेजारी बसून, पण तिचा भरवसा न्हाई. माझ्या बीपीला भिऊन ती तुला पहिलीच आणंल. तिथं माइक असतो का?”

“पहिल्या तिघींसाठी असतो, खाला.”

“मग तिसरी तरी ये. आन् नाव सांग. तुझ्या तोंडून ऐकलं की खरं मानीन.”

संघाच्या सरांचं म्हणणं वेगळं होतं. “कडेच्या लेनकडे कुणाचं लक्ष नसतं. बटरफ्लायमध्येच पुढं निघून जा, बाकीच्या गडबडतील. कळलं ना?” मी मान हलवली. सरांना तो होकार वाटला. मला कळलं होतं, एवढंच मी सांगितलं होतं.

बटरफ्लायच्या पहिल्या लांबीत मी सगळ्यात मागे होते. काठावरून सर काहीतरी ओरडत होते. भिंतीला दोन्ही हात लावले आणि निघाले. बॅकस्ट्रोकला छतावरचे दिवे एकेक करून सरकत गेले. पाय भरून आले नव्हते, दम शाबूत होता, आणि मला मनातून हसू येत होतं, कारण पलीकडच्या लेनमधला पाण्याचा आवाज आता धापा टाकल्यासारखा येत होता. पुन्हा भिंत. रमले नाही. मग बेडूक. डोकं वर आलं की बाजूला टोप्यांची ओळ दिसायची, आणि प्रत्येक वेळी तिच्यातली एखादी टोपी मागे सरकलेली असायची. शेवटच्या वळणावर माझ्यापुढं मोजक्याच उरल्या होत्या. फ्रीस्टाइलला मी टोप्यांकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या बाजूला, जिकडे नुसती भिंत होती, तिकडे तोंड करून श्वास घेत राहिले आणि पातेलं खरवडून सगळं वाढलं.

हात भिंतीवर आपटला. थप्पड एवढी जोरात बसली की तळवा बधिर झाला. फलकावर लेन आठसमोर तीनचा आकडा होता. मी तो दोनदा वाचला.

पाण्याबाहेर आल्यावर एक मुलगी माइक घेऊन समोर आली. मागे व्यवस्थापक बाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी सर, हाताची घडी घालून. मुलीनं इंग्रजीत विचारलं, कसं वाटतंय. नर्सरीपासून शिकलेलं सगळं इंग्रजी जिभेपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. ते तिच्यासाठी होतं. मला आधी दुसरीकडे हजेरी द्यायची होती. काळेवाडीत, घरच्या गॅरेजच्या वरच्या खोलीत, कुणीतरी श्वास रोखून मोबाइल कानाशी धरला होता, आणि शेजारी बसून सून जे सांगत होती त्यावर तिचा विश्वास नव्हता.

मी माइक जवळ ओढला. दम लागला होता, तरी आवाज फुटला, आणि तो माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला.

“खाला,” मी म्हणाले, “संघमित्रा. लेन आठ.”