ब्रेकच्या दिवशी

परभणी स्टेशनावरनं मामाला फोन केला, जायलोय म्हनून. मामा पळत पळत आले. मला वाटलं डबा घेऊन आलेत. कशाचं काय! हात पुढं केला न् म्हनले, "आधी किल्ली दे बाबा. उद्या दहाला प्रॅक्टिकल हाय, सर बोंबलतील."

केमिस्ट्री लॅबची किल्ली. पाच वर्षं माझ्या खिशात हुती. दिली. मग गाडी हलूस्तोर मामानं खिडकीचा गज सोडला न्हाई.

मामा म्हंजी सख्खे न्हाईत, लॅबमधले माझ्या आधीपासूनचे अटेंडंट. चौदा वर्षं कंत्राटी! आमचं सगळ्यांचं सारखंच: अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस ब्रेक, मग नवी ऑर्डर. नोकरी सलग दिसू नये म्हनून. त्या दिवशी आपण कॉलेजचे कुणीच नसतो, पन किल्ली कुणी मागत न्हाई. सगळ्यांला माहीत, उद्या येतोयच.

एरवी रविवारी बी काहीतरी काम निघायचं, म्हनून ब्रेकच्या दिवशी हक्कानं गावी, वालूरला जायचो. आई गरम भाकरी वाढत दर वर्षी तेच म्हनायची, "एवढं वरीस काढ, होशील पर्मनंट." पाचव्या ब्रेकला वालूरला गेलोच न्हाई, पुण्याची गाडी धरली. राजीनामा तरी कशाला लिहायचा? त्या दिवशी नोकरीच नव्हती ना!

आज मामाला मेसेज लिहायलोय. मामा, तुमी इचारलं तिकडं कसं हाय, म्हनून. कॉलेज लय भारी! लिफ्ट, काचा, गळ्यात आयकार्ड. इथं आपल्याला 'सपोर्ट स्टाफ' म्हनतेत. काम तेच, परीक्षानळ्या धुवायच्या. परवा एचआरच्या मॅडम गोड हसून म्हनल्या, "एक दिवस सिस्टीममधून तुमचं नाव निघेल हं, घाबरू नका." मला बी हसू आलं, मामा. हे तर मला पाठ हाय!

आज तो दिवस. सकाळीच आईचा फोन, "ब्रेक हाय ना रं आज? भाकरी टाकू का?"

"आई, एका दिवसात पुण्याहून कसं येऊ?"

"मग कॉलेजात जाशील?"

"आज मी तिथला कुणी न्हाई."

मग आई म्हनली, "एवढं वरीस काढ."

वालूर वर्षातनं एक दिवस माझं हुतं, मामा. तेवढं बी गेलं. दुपार झाली, खोलीत बसून हे टाईप करायलोय. इथल्या लॅबची किल्ली खिशात हाय. कुणी मागितली न्हाई.