मोहाची न्याहारी

लखमाच्या पायात भाताचा धस घुसला आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही. भिमीचे वाईट दिवस तिथून सुरू झाले. कापणी चालली होती. बांधावर भाकर सोडायला बसली तेव्हा तिला नवऱ्याच्या डाव्या पायाखालचं गवत लाल दिसलं.

"अरे, पायाला काय झाला तुझ्या?"

लखमा पाय उलटा करून बघतच राहिला. कापलेल्या भाताचं टोक अंगठ्याखाली मोडून बसलं होतं, आणि हा गडी सकाळपासून त्याच पायावर शेतभर फिरत होता.

जखम भरेना. हळद झाली, झाडपाला झाला, भगत झाला. शेवटी शहापूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बोट टोचून रक्त बघितलं आणि साखर निघाली, ती भलतीच निघाली; तिनेच पाय बधिर केला होता. बाईंनी गोळ्या दिल्या, पट्टी बांधली आणि भिमीला समोर बसवून सांगितलं, "साखर उतरली नाही तर ही जखम भरायची नाही. मग पाय काढावा लागेल. गोड एकदम बंद. भात थोडा. आणि गोळी उपाशीपोटी चालणार नाही, सकाळी नीट न्याहारी द्या. नागलीची एखादी भाकर, सोबत कडधान्य, पालेभाजी, मिळालं तर अंडं."

त्या दिवशी बाई चुकीचं एक अक्षर बोलल्या नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण अशा गोष्टीत दवाखान्यावर खापर फोडायची आपल्याला घाई असते.

भिमीचा जीव मात्र 'पाय काढावा लागेल' या शब्दांत अडकला. लखमा बैलांच्या मानेवरची लाकडी जुवं करायचा. म्हशाच्या जत्रेत गुरांचा बाजार भरला की त्याची जुवं घ्यायला मुरबाडकडचे शेतकरी त्याला शोधत यायचे. लाकूड डाव्या पायाखाली दाबून धरायचं आणि वाकसाने तासायचं, ही त्याची रीत. पाय गेला तर लाकूड धरणार कशाने? आणि तासायचं नसलं तर हा माणूस दिवसभर करणार काय? लाकडाशिवाय त्याला काही सुचत नसे. लग्नात मांडवातसुद्धा तो खांब कसा तासलाय ते बघत बसला होता.

घरी येताच तिने साखर आणि गूळ शेजारच्या लहानीला देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी लखमासमोर बिनसाखरेचा कोरा चहा आणि नागलीची भाकर आली. त्याने एक घोट घेतला आणि पेला सरकवला.

"मना नाय पायजे. गुरांना घाल."

"गोळी खायची हाय. उपाशी ऱ्हायचा नाय, बाई बोलल्यात."

"मंग गोळी पन नको."

पोराने रुसावं तसा तो रुसला. सकाळ झाली की तसाच उपाशी लाकडाकडे जाऊन बसायचा. भिमीने विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, चुलीपाशी बसून रडून घेतलं. मग एका सकाळी तिला कणगीतली मोहाची फुलं आठवली.

चैत्रात पहाटे उठून दोघांनी मोहाखालून वेचलेली, अंगणात वाळवलेली फुलं. तिच्या आईने पावसाळ्यात धान्य संपलं की याच फुलांवर पोरं जगवली होती. भिमीने ती उकडली, बाईंनी कडधान्य सांगितलं होतं म्हणून त्यात मूठभर वाल टाकले, आणि थाळी पुढे ठेवली. लखमा बोटं चाटत जेवला. गोळीही गिळली. भिमीला वाटलं, आता पाय वाचला.

मोह गोड लागतो हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण वाडीत मोहाला कुणी 'गोड' म्हणत नाही. गोड म्हणजे दुकानातून पुडीत बांधून येतं ते. मोह म्हणजे रानाने दिलेलं अन्न, नागलीसारखं, कंदासारखं. त्याच्या पाया पडतात, त्याने आजार वाढेल अशी शंका घ्यायची तरी कशी?

पुढच्या खेपेला बाईंनी पुन्हा बोट टोचलं. साखर आणखी चढली होती.

"हे चोरून काहीतरी खातायत," बाई म्हणाल्या. "लक्ष ठेवा."

झालं. भिमी डोळ्यांत तेल घालून नवऱ्यावर लक्ष ठेवू लागली. त्याचे खिसे तपासले, त्याच्या तोंडाचा वास घेतला. नाक्यावर चहा पितो का ते बघायला लहानीला मागे धाडलं. काही सापडेना. सापडेना म्हणून तिचा संशय आणखीच वाढला.

"खरा सांग, कुठं खातोस?"

"तू घालतेस तेवढाच खातो गो."

"खोटा बोलतोस! मी तुझ्या पायासाठी मरते न् तू चोर हाएस. चोर!"

लखमाने मुलीची, काजलची, शपथ घेतली. भिमीचा विश्वास बसला नाही. तिने त्याची जेवणातली भाकर अर्ध्यावर आणली. पण गोळीवर पोट भरलेलं हवं, आणि अर्ध्या भाकरीने गड्याचं पोट भरत नाही, म्हणून मोहाची फुलं वाढवली. जखम काळी पडत गेली. पट्टी सोडली की वासाने घरात उभं राहवेना. भिमी देवाला कोंबडं बोलली, स्वतः उपास धरले, आणि रोज सकाळी नवऱ्याला थाळी भरून फुलं वाढत राहिली.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात त्याला तापाने घेरलं. शहापूरहून ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. डॉक्टर म्हणाले, विष वर चढतंय, गुडघ्याखालून पाय काढतो, नाहीतर माणूस जाईल. भिमीने संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

तेवढ्यात तिथल्या सिस्टरने तिच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. "मावशी, यात काय आणलंय?"

"त्याची न्याहारी. रोज हाच खातो."

सिस्टरने एक फूल जिभेवर ठेवलं आणि दचकून भिमीकडे पाहिलं. "अहो, ही तर नुसती साखर आहे! कधीपासून देताय?"

भिमीने फडकं पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलं. एक फूल स्वतःच्या तोंडात टाकलं. जन्मभर खाल्लेलं ते फूल तिला त्या दिवशी पहिल्यांदा दुकानातल्या साखरेसारखं गोड लागलं, आणि तिने ते तिथेच थुंकलं.

पाय गेला. दोन दिवसांनी लखमा नीट शुद्धीवर आला. सकाळी मुगाची उसळ आणि उकडलेलं अंडं आलं. त्याने चादरीखालच्या सपाट जागेकडे बघितलं, मग भिमीकडे.

"मी चोरून नाय खाल्ला गो," तो म्हणाला. "आता तरी मान."

भिमी गप्प राहिली असती तर कुणाला कळलं असतं? पण ती बोलली.

"तू नाय खाल्लास. मीच घातला. मोहानं साखर चढली तुझी. सिस्टर बोलली."

लखमा ओरडेल, थाळी फेकील, असं तिला वाटलं. तसं त्याने केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"म्हंजी मी चोर नव्हतो," तो म्हणाला, आणि सुटल्यासारखा हसला.

मग 'भरव' म्हणून त्याने तोंड उघडलं. भिमीने अंडं सोललं, त्यातला एक तुकडा आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून बघितला, आणि मगच त्याला पहिला घास दिला.