हेक्टर मॅकटॅगर्टचं नाक

हेक्टर मॅकटॅगर्टला कुणाचंच काही पटत नसे. स्कॉटलंडच्या आयला बेटावर प्रत्येकाला एक टोपणनाव चिकटलेलं असतं. ह्याचं होतं ‘छे’. पाद्र्याचं प्रवचन असो, शेजाऱ्याची मेंढरं असोत की मेहुणीने केलेलं सूप, निकाल एकच. छे. व्हिस्कीचं तर विचारूच नका. एकोणचाळीस वर्षं त्याने कारनबेगच्या कारखान्यात भट्टी सांभाळली होती. मोड आलेला ओला जव वर जाळीवर पसरायचा, खाली पीट पेटवायचं, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली काळी माती, आणि तिचा धूर त्या जवात मुरवायचा. धूर हवा, जाळ नको. “जाळ काय, कुठलंही गाढव करतं,” तो म्हणायचा. “धुराला माणूस लागतो.”

दर मे महिन्यात बेटावर व्हिस्कीचा उत्सव भरे आणि बोटी भरभरून जाणकार उतरत. गळ्यात पेला अडकवलेला, हातात वही. पेल्यात नाक खुपसून ते डोळे मिटत आणि एकमेकांना सांगत, की हिच्यात समुद्रकाठची शेकोटी आहे, तिच्यात दवाखान्यातली पट्टी आहे, आणि त्या तिसरीत आजोबांच्या होडीचं डांबर. हेक्टर धक्क्यावरच्या बाकावर बसून हे सगळं ऐके आणि घरी येऊन बायकोपुढे गरळ ओकत असे.

“आजोबांची होडी म्हणे! ह्याचा आजोबा बँकेत होता. तोंडावर लिहिलंय.”

बायको, एफी, व्हिस्कीच्या थेंबालाही शिवत नसे. ती हेरिंग मासे साफ करता करता म्हणाली, “घरात बसून कसली नाकं मुरडतोस? त्यांच्यासमोर जाऊन मुरड की.”

तशी संधी त्याच वर्षी आली. कारनबेगची नवी व्यवस्थापक कर्स्टी मॅकफेल एका सकाळी दारात उभी राहिली. तिच्या आजोबांबरोबर हेक्टरने काम केलेलं, म्हणून तिला खुर्ची आणि चहा मिळाला.

“मिस्टर मॅकटॅगर्ट, शनिवारी दुपारी गावच्या सभागृहात कार्यक्रम आहे. पाच धुरकट व्हिस्क्या, नावं झाकलेल्या. चाखायची, तुलना करायची. लंडनहून व्हिस्कीचे मोठे जाणकार ज्यूलियन थॉर्नबरी येतायत. त्यांच्या शेजारी तुम्ही बसावं असं वाटतं.”

“शोभेला?”

“नाही हो. भट्टीवर उभा राहिलेला माणूस म्हणून.”

“म्हणजे शोभेलाच, पोरी,” हेक्टर म्हणाला. पण शनिवारी लग्नाकार्याचा कोट चढवून तो गेला.

सभागृह गच्च भरलं होतं. मागच्या रांगेत गावातली चार-पाच माणसं होती आणि त्यांत नील गिलिसही होता. नीलने शेजारच्या कारखान्याला जन्मभर पीट कापून दिलं होतं, आणि त्याचं कापणं हेक्टरला जन्मभर खुपलं होतं.

थॉर्नबरीचा कोट मऊ होता आणि आवाज त्याहून मऊ. पहिला पेला नाकाशी नेऊन तो म्हणाला, “अहाहा! वादळानंतरचा किनारा.”

हेक्टरने वास घेतला. “उत्तर किनाऱ्यावरची. जवाला धूर नुसता दाखवलाय, दिलेला नाही.”

नाव असलेलं पाकीट उघडलं. बरोबर निघालं. दुसऱ्या पेल्यावर थॉर्नबरीला जुन्या ग्रंथालयाची आठवण झाली. हेक्टर म्हणाला, “ही बेटावरची नव्हेच. ह्या पिटात झाडांची मुळं आहेत. आमच्याकडे दलदलीत झाड आहे कुठं?” तेही बरोबर. तिसरी शेरी वाइनच्या जुन्या पिंपात मुरलेली होती. “घोंगडी चांगली आहे,” तो म्हणाला, “जरीचा काठ कुणी सांगितला होता?” चौथीला त्याने जेमतेम नाक लावलं. “कोवळी आहे, म्हणून ओरडतेय.” लोक टाळ्या वाजवू लागले. वाजवणाऱ्यांची त्याला किळस आली. टाळ्या मात्र आवडल्या.

मग पाचवा पेला आला.

“आजची राणी,” थॉर्नबरी हळूच म्हणाला. “सदतीस वर्षं एका पिंपात निजलेली. ही राखेची गूढ, कडवट खोली बघा. काल मी एकट्याने चाखली आणि मला बोलताच येईना.”

“आज येतंय की,” हेक्टर पुटपुटला. त्याने वास घेतला, पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. एक घोट तोंडात फिरवला. आणि मान खाली घातली. हा वास त्याच्याच भट्टीतला होता.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यातली दुपार. ओल्या जवाखाली धूर छान धरला होता. भट्टीच्या खिडकीतून समोरच्या दलदलीत नील गिलिस पीट कापताना दिसत होता. वरचं गवत नीट न सोलता, ओळी वाकड्यातिकड्या. हेक्टरला राहवेना. दहा मिनिटांत येतो म्हणून तो बाहेर पडला आणि पीट कसं कापावं ह्यावर दोन तास नीलला सुनावत राहिला. परत आला तेव्हा खाली लालभडक जाळ नाचत होता आणि वरचा जव करपला होता. त्याने ओल्या पिटाचा चुरा टाकून जाळ दाबला, दारं उघडली, तोंड मिटलं. त्या मालाची सात पिंपं भरली. सहा कधीच दुसऱ्या मालात मिसळून गेली. सातवं राहून गेलेलं दिसत होतं.

लोक डोळे मिटून मिटक्या मारत होते. कुणी चामडं म्हणत होतं, कुणी देवळातला धूप. गप्प बसणं अगदी सोपं होतं. पण करपलेल्या जवाला राणी म्हटलेलं त्याला ऐकवेना. आणि गप्प बसायचं, तर बँकवाल्या आजोबाच्या नातवात आणि आपल्यात फरक काय राहिला?

“ही करपलेली आहे,” तो म्हणाला.

थॉर्नबरी हसला. “करपलेलीच! किती नेमका शब्द. त्या भट्टीवाल्याचं धाडस—”

“धाडस कसलं? भट्टीवाला जागेवर नव्हता. शहाणपणा शिकवायला बाहेर गेला होता आणि इकडे जाळ लागला. तो मूर्ख मीच.”

कर्स्टीचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात मागच्या रांगेतून नीलचा आवाज आला.

“त्या दिवशी? माझ्या पिटावर व्याख्यान झोडलंस त्या दिवशी?”

“हो.”

“दोन तास तू मला कामचुकार म्हणत होतास, हेक्टर!”

“होतासच तू कामचुकार. मीही होतो. आता खाली बस.”

नील खाली बसेना. तो इतका हसला, की शेजारच्याने त्याला पाणी दिलं. थॉर्नबरीने वहीत लिहून घेतलं आणि जाहीर केलं, की इतका विनयशील माणूस त्याने पाहिलेला नाही. हेक्टर मॅकटॅगर्टला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विनयशील म्हटलं होतं. तो कोट उचलून चालता झाला.

घरी एफीने विचारलं, “मुरडलंस का नाक?”

“स्वतःवरच,” तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. सदतीस वर्षांत तिलाही सांगितलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं आणि पुढ्यात बटाटे वाढले. “गार होतायत,” एवढंच म्हणाली.

त्याला वाटलं होतं, कर्स्टी ते पिंप ओतून देईल. कुठलं काय! त्या व्हिस्कीला ‘भट्टीवाल्याची चूक’ असं नाव मिळालं, मखमल लावलेली पेटी मिळाली, आणि सगळ्या बाटल्या एका सकाळीत उडाल्या. बाटल्यांवर सही करायला बोलावणं आलं तेव्हा त्याने दार लावून घेतलं. भेट आलेली बाटली त्याने चर्चच्या सोडतीत देऊन टाकली. ती पाद्र्यालाच लागली आणि त्याला फार आवडली. ह्यावर हेक्टर काय म्हणाला ते सांगायला नको.

शरद ऋतूत कर्स्टी पुन्हा आली. ह्या वेळी बसलीही नाही.

“भट्टीवर दोन नवी माणसं घेतलीत. त्यांना शिकवाल?”

“चुका विकून पोट भरलं नाही वाटतं?”

“चूक एकदाच विकता येते, मिस्टर मॅकटॅगर्ट.”

हे मात्र त्याला पटलं. तेव्हापासून दर मंगळवारी तो जातो. एक मच्छीमारी सोडलेला पन्नाशीचा गडी आहे, एक ओबानहून आलेली बाई. पहिल्याच दिवशी त्याने त्यांना भट्टीच्या तोंडाशी उभं केलं आणि त्या दुपारची गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगितली, एक शिवीही न गाळता. मग दोघांच्या हातातली फावडी बघून म्हणाला, “छे. हे धरणं आहे का?”

“मग कसं धरतात ते दाखवा की,” ती बाई म्हणाली. “नुसतं बोलून जाळ दबत नाही.”

हेक्टरने कोट काढून खिळ्याला अडकवला.