माज्या बाजूला कोन?

हरेश म्हात्रेची आणि माझी ओळख झाली ती त्यानं भर खेळात माझा हात धरला म्हणून. उरणला एका कंपनीच्या कॉलनीत आमचं बास्केटबॉलचं मैदान होतं. समोरचा संघ चाल करून येत होता, मी बचावाला उभा होतो आणि शेजारच्या साडेसहा फुटी नव्या गड्यानं माझं मनगट पकडलं. हिसडा दिला तरी सुटेना. समोरच्यांनी निवांत बास्केट केली आणि ते माघारीसुद्धा गेले. मग बाहेरून आमच्या सरांची शिट्टी आली आणि पाठोपाठ त्यांचा आवाज, "हात सोड त्याचा! ही कबड्डी नाही!"

आमच्याकडची पोरं चालायला लागली की कबड्डी खेळायला लागतात. चढाई आली की बचावाच्या गड्यांनी एकमेकांचे हात धरून साखळी करायची, हे रक्तातच भिनलेलं असतं. हरेशनं ते लहानपणापासून केलं होतं. खेळ संपल्यावर तो माझ्यापाशी आला, मान खाली घालून म्हणाला, "रागावू नको रे. हात रिकामा रायला का मना एकटं वाटतं." एवढ्या मोठ्या देहाच्या माणसाच्या तोंडी हे वाक्य. मी त्यावर महिनाभर त्याची टिंगल केली. तोही हसायचा, आणि पुढच्या खेळात पुन्हा हात धरायचा.

त्यांचं घर मिठागरवाल्यांचं. मिठागरं भरावाखाली गेली, भावानं ट्रेलर घेतला आणि हरेश त्यावर चालक झाला. कंटेनर घेऊन बंदरात रांगेत उभं राहायचं, गुडघे सतत स्टिअरिंगला घासायचे. कबड्डीत उंच माणसाचे पाय पटकन सापडतात, म्हणून गावाच्या संघात तो कायम राखीव. गाव त्याला फक्त मंडप बांधायला बोलवायचं. आमच्या सरांनी त्याला असाच एकदा मंडपाच्या बांबूपाशी बघितलं आणि मैदानावर घेऊन आले.

सर मूळचे माणगावचे. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाले आणि संध्याकाळी आम्हाला घाम गाळायला लावू लागले. हरेशला पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "हा सेंटर. मोठ्या माणसानं रिंगखालून हलायचं नाही." झालं, हरेश रिंगखाली रोवला गेला. पण थोड्याच दिवसांत कळलं की हा गडी लांबून नेम मारतो. पास तर असा द्यायचा की चेंडू हातात आल्यावरच कळावं. एकदा आमचा गार्ड लंगडत बाहेर गेला, तर यानंच चेंडू खेळवत वर आणला. सर डोक्याला हात लावून बसले. सगळीकडे चालणारा माणूस नेमका ठेवायचा कुठं?

मग रोज चहाच्या टपरीवर आमचा वाद. सर म्हणायचे सेंटर. मी म्हणायचो फॉरवर्ड, त्याला रिंगपासून जरा दूर उभा करा, तिथून त्याला सगळं मैदान दिसतं. सर म्हणायचे, "तू मला शिकवू नकोस." हरेश आमच्या दोघांच्या मध्ये बसून भजी खायचा. त्याला विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं, "कुठं उभा राऊ ते नका सांगू. माज्या बाजूला कोन, तेवरा सांगा."

हे तो साधेपणानं बोलतोय असं आम्हाला वाटायचं. त्याचा जीव मात्र त्यात अडकला होता. त्याचे वडील कबड्डीत जिल्ह्याकडून खेळले होते. जिल्ह्याच्या बनियानमधला त्यांचा फोटो ओटीवर टांगलेला. मी जेवायला गेलो की हरेश तो दाखवायचा आणि म्हणायचा, "बाबांच्या बाजूला भिंत मोकली हाय बग. मना तिथं जायाचा हाय." तिशी जवळ आली होती. त्याच्याकडे फार मोसम उरलेले नव्हते.

जिल्ह्याच्या संघाच्या निवड चाचणीला तो पहिल्यांदा गेला. टेबलामागच्या माणसानं विचारलं, जागा कुठली? हरेशनं विचारलं, "माज्या बाजूला कोन हाय?" सगळे हसले. त्याला सेंटर म्हणून अनोळखी पोरांत टाकलं, आणि सरांनी सांगितलेलं आठवून तो रिंगखालून हलला नाही. कोणी त्याला ओळखत नव्हतं, तो कोणाला ओळखत नव्हता. निवड झाली नाही. परतताना ट्रेलर तो चालवत होता, मी शेजारी बसलो होतो. मला त्या हसणाऱ्यांचा इतका राग आला होता की मी सगळी वाट त्यांना शिव्या घालत होतो, आणि तोच मला म्हणाला, "जाऊ दे रे."

सरांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सेंटर-बिंटर सोडून दिलं. म्हणाले, "हरेश, तुझ्या बाजूला हा," आणि माझ्याकडे बोट केलं. "हा जाईल तिकडे तू जायचं. ह्याची वाट अडवली की तू उघडायची." त्या मोसमात हरेश जो काही खेळला! मी डावीकडे वळलो की समोरच्याच्या वाटेत हा भिंतीसारखा उभा. मी अडकलो की वर बघायचं, हात दिसायचाच. शेवटी सरांनी टपरीवर कबूल केलं, "फॉरवर्ड. तू म्हणत होतास तेच. पुढच्या चाचणीला फॉरवर्ड म्हणून नाव घालतो." हरेशनं त्या दिवशी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

चाचणीआधी डॉक्टरी तपासणी असते. त्याला मधूनमधून धाप लागायची, पण ट्रेलरवरच्या जागरणांमुळे असेल असं आम्ही समजत होतो. डॉक्टरांनी छातीची तपासणी केली आणि सांगितलं, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगली आहे. अशा लांब हातापायांच्या माणसांना हे जन्मापासून असू शकतं. खेळ बंद, ट्रेलर बंद, ऑपरेशन करावं लागेल. ज्या अंगामुळे सर त्याला मैदानावर घेऊन आले, ते अंगच असं निघालं. मला अजून हे पटत नाही.

तो तरी मैदानावर यायचा. बाकावर राखीव पोरांच्या शेजारी बसायचा. मी विचारलं, "कंटाळत नाहीस?" म्हणाला, "बाजूला मानूस हाय ना." मुंबईच्या रुग्णालयात ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. तेवढं थांबायला हवं होतं त्या वाहिनीनं. एका दुपारी जेवून ओटीवर आडवा झाला तो उठलाच नाही. तिरडीला आणलेले बांबू आखूड पडले, त्याच्या भावाला पुन्हा जाऊन लांब बांबू आणावे लागले. मी रडलो, लाज न बाळगता.

तेराव्याला सर आणि मी गेलो. वडिलांच्या शेजारच्या मोकळ्या भिंतीवर हार घातलेला हरेशचा फोटो होता. त्याचा एकट्याचा फोटो घरात कुठं सापडलाच नाही, म्हणून आमच्या संघाच्या फोटोतून कापून मोठा केला होता. अंगात आमचाच साधा बनियान. कडेला माझा अर्धा खांदा आलेला, आणि खाली हरेशच्या पंजात माझं मनगट. फोटो काढताना त्यानं ते कधी धरलं, मला आठवत नव्हतं.

भाऊ ओशाळून म्हणाला, "घाईघाईत तसाच लावला. स्टुडिओवाला बोलतो, तुमचा हात पुसून देईल, कलनार पन नाय."

सर उठले, फोटोजवळ गेले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"नको," ते म्हणाले. "धरू दे त्याला."