उत्तर त्याचं, तोंड माझं

भुताखेतावर माझा विश्वास नाही. चौथीत दोनदा नापास झालो, तेव्हासुद्धा कुठल्या भुताला दोष दिला नाही. हे पण फोनला बोलून लिहितोय... शब्द चुकला तर फोनचा, अक्कल चुकली तर माझी.

धुळ्यात हायवेजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात माझं चहाचं कँटीन आहे. तिथेच माझा धाकटा भाऊ पंकज एम.टेक. करत होता — सिस्टीम इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंट, असं काहीतरी. पोरं त्याला 'पंकजसर' म्हणायची आणि मला 'ओ कटिंग'. एकाच आईची दोन पोरं! जळायचो. त्याच्या चहात मुद्दाम साखर कमी टाकायचो. तर हा बाबा सगळ्यांना सांगायचा, "भाऊ माझ्या तब्येतीची काळजी घेतो." अजून जळायचो.

आई म्हणायची, "कसाले जळस रे? तुना भाऊ शे ना तो."

म्हणून तर जळतो! शेजाऱ्याचा असता तर पेढे खाल्ले असते.

त्याचा प्रोजेक्ट केळीवर. रावेरच्या बागेतून केळी निघतात, ट्रकमध्ये भरतात, तर मंडईत पोचायला उशीर का होतो? दोन वर्षं हेच शिकला. मला विचारलं असतं तर एका चहात सांगितलं असतं — ड्रायव्हर माझ्याच बाकावर बसलेला असतो.

शेवटची तोंडी परीक्षा दुपारची होती. मी चहा घेऊन आत गेलो. बाहेरगावचे परीक्षक सर, गाईड मॅडम, आणि फळ्याजवळ कडक इस्त्रीतला पंकज. सर म्हणाले, "तुझ्या आकड्यांत बागवाला वेळेवर, हमाल वेळेवर, ट्रक वेळेवर. मग उशीर कोणाचा? हे सांग, नाहीतर सहा महिन्यांनी परत ये."

मी मनात म्हटलं, बसू दे दातखिळी.

आणि बसली...

पंकजचे ओठ हलत होते, आवाज नाही. त्याने गळ्याला हात लावला. मला हसू यायला पाहिजे होतं. पण माझंच तोंड उघडलं आणि त्यातून इंग्रजी सुटलं — फाडफाड, पंकजच्या आवाजात! ओठ त्याचे हलत होते, आवाज माझ्या तोंडातून. सरांनी मान वर केलीच नाही, बशीत चहा ओतत म्हणाले, "व्हेरी गुड, पंकज." मॅडम मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चहा तसाच गार झाला.

मला त्यातला एकच शब्द कळला — प्रॉपर्टी. बाहेर आल्याबरोबर त्याला धरलं. "पंक्या, मी आतमा वाटणी मांगी का रे?"

"वाटणी नही भाऊ," तो रडायलाच आला होता. "इमर्जन्ट प्रॉपर्टी. जे एकाजवळ बी नही, पण बठ्ठा एकत्र उनात का दिखस, ते. उशीर कोणा एकाना नही, जोडणीना शे. हेच मले सांगनं होतं... मना आवाजच नही निघना. तू कसा बोलना?"

मला काय माहीत! तीनदा समजावलं त्याने — इथे प्रॉपर्टी म्हणजे गुण, एकेकट्यात नसतो, सगळे एकत्र आले की दिसतो. माझंच बोलणं, मला अजून नीट कळलेलं नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ, हा विषय नको." पोरं म्हणाली, भास. भासाला इंग्रजी येतं का?

पंकज पास झाला. पुढे नाशिकला नोकरीचा इंटरव्ह्यू निघाला. म्हणाला, "चाल ना भाऊ, तू ऱ्हायना तर बरं." मी नवा शर्ट घातला! दाराबाहेर बसलो, दोन ग्लास पाणी पिऊन तोंड तयार ठेवलं. आलं काय, तर एक ढेकर. पंकज हसत बाहेर आला. एकटा बोलला, एकटा निवडला गेला. त्या दिवशी जेवढा जळलो, तेवढा त्याच्या डिग्रीवर पण नव्हतो जळलो.

तेव्हा काय झालं, मला सांगता येत नाही. ज्याला सांगता आलं असतं, तो माझ्या तोंडातला माणूस परत आलाच नाही.